उमेदवार खुळा आहे की बेरकी, हे मी का सांगणार नाही

प्रश्न कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पत्रातून विचारलाय. रोज सकाळी रंकाळ्यावर फिरणारा त्यांचा सात-आठ जणांचा गट. फेरी झाली की एकत्र चहा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. यंदाच्या निवडणुकीत एका उमेदवारावरून गटात फूट पडली आणि चहाची टेबलं दोन झाली. हा उमेदवार सभेत नावं विसरतो, मध्येच भलत्या विषयावर जातो, काल बोललेलं आज नाकारतो, आकडे तर ठोकूनच देतो. त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतायत. एक टेबल म्हणतं, डोक्यावर परिणाम झालाय, असल्याच्या हातात कारभार द्यायचा का? दुसरं म्हणतं, मनात येईल ते बोलणारा माणूस आहे, पोटात एक आणि ओठात एक नाही. सरांचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथंही आधी ट्रम्प आणि मग बायडेन यांच्यावरून घराघरात हेच झालं, असं तो सांगतो. पत्राच्या शेवटी सर लिहितात: "मॅडम, तुम्ही या शास्त्रातल्या, म्हणून तीन व्हिडिओ पाठवतोय. आमच्यातले एक जण चहा येईपर्यंत तीन-तीनदा विचारतात, ह्यो गडी खुळा हाय का बेरकी? तुम्हीच एकदाचं सांगून टाका."

सर, राजारामपुरीत मानसोपचाराची प्रॅक्टिस सुरू करून मला २६ वर्षं झाली. तुमचे तिन्ही व्हिडिओ पाहिले, मधला दोनदा पाहिला. तरीही या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मला कुणाची भीती नाही आणि दोन्ही टेबलांना बरं वाटावं हाही हेतू नाही. मीही मतदान करते, या उमेदवाराबद्दल माझं मत आहे आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे. पण ते मतदार म्हणून आहे. माझ्या पाटीवरच्या डिग्रीचं वजन त्या मतामागे लावायला मी तयार नाही. का, ते नीट सांगायचं तर जरा लांबण लागेल.

आधी तुमच्या मधल्या व्हिडिओबद्दल. तो ४० सेकंदांचा आहे. उमेदवार व्यासपीठावर उभा आहे, तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याचं नाव घ्यायचंय आणि ते आठवत नाही. तो मागे वळतो, कुणीतरी कानाशी येऊन सांगतं, तो चुकीचं ऐकतो आणि तिसरंच नाव घेतो. समोर हशा होतो. व्हिडिओ तिथंच कापलाय आणि खाली लिहिलंय, "मेंदू गेला".

मला त्यात घाम दिसला. बसलेला आवाज ऐकू आला. कान पुढे करण्याची लकब दिसली, म्हणजे कदाचित ऐकू कमी येत असेल. प्रचारात माणसं चार तास झोपतात, दिवसाला दहा गावं करतात, जेवणाला वेळ नसतो. त्यात मधुमेह असला आणि साखर खाली गेली तर घरच्यांची नावंसुद्धा तोंडात येत नाहीत. थायरॉइड असेल, बी-१२ कमी असेल, रात्रीची झोपेची गोळी असेल, सर्दीसाठी घेतलेली साधी गोळी असेल. महिन्यापूर्वी कुठं पडून डोक्याला मार लागला असेल आणि आत हळूहळू रक्त साकळत असेल. किंवा खरोखरच विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असेल. यातलं काय आहे हे ४० सेकंदांवरून कुणालाही ठरवता येत नाही. ठरवता येतं असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही घरच्या माणसाला नेऊ नये, असं मला वाटतं.

माझ्याकडे आलेली दोन माणसं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका आजोबांना करवीर तालुक्यातल्या गावातून गाडीत घालून आणलं होतं. चार दिवस असंबद्ध बोलत होते, मेलेल्या भावाला हाका मारत होते, सुनेला ओळखत नव्हते. घरच्यांनी धरूनच चाललं होतं की म्हाताऱ्याला खूळ लागलं. रक्त तपासलं तर सोडियम फार उतरलेलं. रक्तदाबाच्या एका गोळीमुळे तसं होतं. गोळी बदलली, सोडियम हळूहळू वर आणलं, आणि पाचव्या दिवशी आजोबा कॉटवर उठून बसले. पहिला प्रश्न काय, तर "म्हशीला वैरण कोण घालतंय?" बाहेरून पाहणाऱ्याला जे वेड दिसत होतं त्यामागे वेड नव्हतंच.

दुसरे गृहस्थ मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. टापटीप कपडे, बोलणं खणखणीत. कागदावरच्या चाचणीत ३० पैकी २९ गुण. घड्याळ काढायला सांगितलं तर काटे अचूक. पण त्यांची पत्नी खुर्चीच्या कडेला बसून रडत होती. ती म्हणाली, "हे माझे नव्हेत. चाळीस वर्षांत यांनी कुणाचा एक रुपया बुडवला नाही, कुणाला अपशब्द वापरला नाही. आता दारावर आलेल्या कुणालाही चेक फाडून देतात आणि सुनेसमोर घाणेरडं बोलतात." मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास सुरू झाला होता. या आजारात स्मरणशक्ती बराच काळ शाबूत राहते, बदलतो तो स्वभाव. २९ गुणांचा तो कागद माझ्या फार कामाचा नव्हता. कामाला आलं ते त्या बाईंचं वाक्य. माणूस आधी कसा होता आणि आता कसा झाला, हे सोबत राहणाऱ्यानं सांगितल्याशिवाय आमचं शास्त्र पुढे सरकत नाही.

तुमच्या मुलाला हे सांगा, कारण अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये याच धर्तीच्या चाचणीचा गाजावाजा झाला होता. ट्रम्प यांना ३० पैकी ३० मिळाल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. ही चाळणी आहे. त्यात घड्याळ काढायचं, प्राण्यांची नावं सांगायची, पाच शब्द लक्षात ठेवायचे. विस्मरणाच्या आजाराची शंका घ्यावी की नाही एवढंच ती सांगते. माणूस खरं बोलतो का, रागाच्या भरात निर्णय घेतो का, दुसऱ्याचं ऐकून घेतो का, याचा त्यात एकही प्रश्न नाही. समर्थकांनी ते गुण शहाणपणाचं सर्टिफिकेट म्हणून मिरवले आणि विरोधकांनी चाचणीचीच टर उडवली. दोघांनीही त्या कागदाला त्याच्या कुवतीबाहेरचं काम लावलं.

आता खोटं बोलण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तोच आहे.

खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. म्हणून तर त्याला ते लपवता येतं. आमच्याकडे येणारी जी माणसं चुकीचं बोलतात त्यांचं असं नसतं. वर्षानुवर्षं दारू पिऊन आणि जेवणाकडे दुर्लक्ष करून ज्यांच्या स्मृतीत भगदाडं पडलेली असतात, ती भगदाडं मेंदू आपोआप बुजवतो. वॉर्डात पंधरा दिवस पडून असलेला रुग्ण शांतपणे सांगतो, "काल गडहिंग्लजच्या बाजाराला जाऊन आलो." त्यात त्याचा फायदा काहीच नसतो, तो कुणाला फसवत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. संशयाच्या आजारातला माणूस म्हणतो की शेजारी जेवणात विष कालवतो. तो ते पोलिसाला सांगतो, बायकोला सांगतो, मलाही सांगतो, आणि त्यापायी उपाशी राहतो. त्याच्या बोलण्यानं त्याचं स्वतःचंच नुकसान होतं, तरी तो ते बदलत नाही.

याच्या शेजारी एक कल्पनेतला उमेदवार उभा करा. दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला द्यायचं की नाही, हा आपल्या जिल्ह्यातला जुना, चटका देणारा प्रश्न. समजा, एखादा माणूस इचलकरंजीच्या सभेत म्हणाला, "पाणी आणल्याशिवाय राहणार नाही," आणि दुसऱ्या दिवशी दूधगंगेच्या काठावरच्या गावात म्हणाला, "एक थेंब जाऊ देणार नाही." या माणसाचा मेंदू उत्तम चालतोय. समोर कोण बसलंय, त्याला काय हवंय, कालचं इथं कुणी ऐकलं असेल का, हा सगळा हिशोब त्यानं क्षणात केलाय. ऐकणाऱ्याप्रमाणे आणि फायद्याप्रमाणे बदलणारं खोटं आजारातून येत नाही. अशा माणसाला तुमच्या पहिल्या टेबलानं "डोक्यावर परिणाम झालाय" म्हटलं की त्याची सुटकाच होते. आजारी माणसाला आपण जाब विचारत नाही, त्याची कीव करतो. ज्याला जाब विचारायला हवा होता त्याला तुम्ही दवाखान्याच्या दारातून बाहेर काढून दिलंत.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲलन फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये जवळपास हेच सांगितलं होतं. आत्मप्रौढीच्या व्यक्तिमत्त्वदोषाचे निकष लिहिणाऱ्यांपैकी ते एक. आपले निकष ट्रम्प यांना लावून लोक निदान करतायत हे पाहून त्यांनी जाहीर पत्र लिहिलं. वाईट वागणं हे क्वचितच मानसिक आजाराचं लक्षण असतं आणि मानसिक रुग्ण क्वचितच वाईट वागतात, असा त्यांचा मुद्दा होता. ते ट्रम्प यांचे विरोधक होते, हे मुद्दाम सांगते.

आमच्या व्यवसायानं या बाबतीत एकदा चांगलीच ठेच खाल्लीय. १९६४ साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी उभे होते. टोकाची भूमिका घेणारा, देश दुभंगणारा उमेदवार. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकानं १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली: हा माणूस अध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहे का? २,४१७ उत्तरं आली. ६५७ जण 'लायक' म्हणाले, ५७१ जणांनी सांगायला पुरेशी माहिती नाही असं कळवलं, आणि १,१८९ जणांनी 'नालायक' ठरवलं. मुखपृष्ठावर तोच आकडा झळकला. यातल्या कुणी गोल्डवॉटर यांना तपासलं नव्हतं. ते निवडणूक हरले आणि कोर्टात गेले. ज्यूरीनं नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर आणि दंड म्हणून ७५,००० डॉलर मंजूर केले. पुढे १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आचारसंहितेत नियम घातला: ज्या सार्वजनिक व्यक्तीला तुम्ही तपासलं नाही आणि जिनं तुम्हाला परवानगी दिलेली नाही, तिच्या मानसिक स्थितीवर व्यावसायिक मत देऊ नका. गोल्डवॉटर स्वतः १९६८ मध्ये सिनेटवर परत निवडून आले आणि १९८७ पर्यंत काम करत राहिले. त्या १,१८९ जणांना ते कधी आठवलं असेल का, हा प्रश्न मला पडतो.

या नियमावर वाद आहे आणि तो पोकळ नाही. २०१७ मध्ये २७ तज्ज्ञांनी मिळून ट्रम्प यांच्याबद्दल पुस्तकच काढलं. धोका दिसत असताना गप्प बसणं हाही अपराध आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांची तळमळ कळते. तपासणीच्या खोलीत एखाद्या रुग्णानं दुसऱ्याचा जीव घेण्याचं बोलून दाखवलं तर मीही गप्प बसणार नाही. पण त्या खोलीत तो माझ्यासमोर बसलेला असतो, त्याच्या घरचे असतात, कागदपत्रं असतात. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाबद्दल माझ्याकडे जे आहे तेच तुमच्याकडेही आहे. मग माझ्या मताला जास्त मान का मिळावा?

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण सर, आपल्या कोल्हापुरात हा प्रश्न त्याच्याही आधी येऊन गेलाय आणि त्यात एका तरुणाचा जीव गेलाय. तुम्ही मुलांना इतिहास शिकवलात, तुम्हाला नवं नाही. छत्रपती शिवाजी चौथे १८७१ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा लहान होते. पुढे इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवलं. कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराज खरंच वेडे आहेत की त्यांचा छळ करून तसं भासवलं जातंय, यावर साऱ्या महाराष्ट्रात वादळ उठलं. 'केसरी' आणि 'मराठा' महाराजांच्या बाजूनं उतरले, बर्व्यांवर आरोप झाले. ज्या पत्रांवर ते आरोप उभे होते ती बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथं २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाल्यानंतर, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

हा प्रसंग मी अनेकदा मनात घोळवलाय. सत्ताधाऱ्यांच्या हातात 'वेडा' हा शिक्का होता आणि तो मारणं त्यांच्या सोयीचं होतं. दुसरी बाजू कळवळ्याची होती, पण आपल्याला हवं ते सांगणारी पत्रं हातात आल्यावर ती पारखायला तीही चुकली. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्या पोराचं म्हणणं कुणी लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. आज पत्रांच्या जागी कापलेले व्हिडिओ आलेत.

आता थोडं 'खुळा' या शब्दाविषयी. आपल्या गावाइतका हा शब्द कुठं लाडका नसेल. आखाड्यात, मैदानावर, तांबड्या रश्श्याच्या ताटावर, जिथं मन भरून येईल तिथं आपण "नाद खुळा!" म्हणतो. आई पोराला "खुळ्या" म्हणून जवळ घेते. पण माझ्या ओपीडीत भाऊ भावाला घेऊन येतो आणि त्याच्यादेखत सांगतो, "ह्यो खुळा झालाय, मॅडम," तेव्हा तो दुसरा भाऊ मान खाली घालतो ती शेवटपर्यंत वर करत नाही. शब्द तोच आहे. व्यासपीठावरून विरोधकाला खुळा म्हटलं की टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्या ओपीडीतल्या बाकावरही ऐकू जातात.

एका गावच्या दूध संस्थेचे सचिव माझ्याकडे येतात. यांचेही तपशील बदललेत. उन्मादाच्या आजारासाठी १४ वर्षं लिथियम घेतायत. दर काही महिन्यांनी रक्तातली पातळी तपासतात, एकही तारीख चुकवत नाहीत. दर दहा दिवसांचं बिल त्यांनी कधी चुकू दिलं नाही. संस्थेच्या निवडणुकीत समोरच्या पॅनेलचा एक वक्ता म्हणाला, "गोळ्या खाऊन कारभार करणाऱ्याच्या हातात दुधाचा पैसा द्यायचा का?" सचिवांनी त्या रात्री गोळी घेतली नाही. पुढच्याही रात्री नाही. सहा आठवड्यांनी त्यांच्या पत्नीनं त्यांना पहाटे दोनला आणलं तेव्हा पाच रात्री ते झोपले नव्हते आणि चार गावांना जेवण घालायचं म्हणून मंडपवाल्याला आगाऊ पैसे देऊन बसले होते. बंडीच्या खिशात गोळ्यांची पट्टी तशीच होती, फॅटच्या पावतीत गुंडाळून लपवलेली. बरं व्हायला दोन महिने गेले. आता परत संस्थेत जातात. पण गोळी आता जनावरांच्या गोठ्यात जाऊन घेतात, कुणी बघू नये म्हणून.

याच भीतीनं थॉमस ईगलटन यांनी आपला आजार लपवला होता. १९७२ मध्ये अमेरिकेत ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. पूर्वी नैराश्यासाठी त्यांना रुग्णालयात राहून विजेचे उपचार घ्यावे लागले होते, हे त्यांनी अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला सांगितलं नव्हतं. ते बाहेर आलं आणि उमेदवारी मिळाल्यापासून १८ दिवसांत त्यांना बाजूला व्हावं लागलं. लपवणं चूक होतं, हे मी मान्य करते. पण सांगितलं असतं तर उमेदवारी मिळाली असती का? पुढे १९८७ पर्यंत त्यांनी सिनेटर म्हणून व्यवस्थित काम केलं. याउलट नॉर्वेचे पंतप्रधान शेल मॅग्ने बॉन्डेविक यांनी १९९८ मध्ये पदावर असताना सरळ जाहीर केलं की मला नैराश्य आलंय, मी रजेवर जातोय. काही आठवड्यांनी ते परत कामावर आले आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. तिथल्या लोकांनी आजाराला आजार म्हणून घेतलं, म्हणून त्यांना खरं बोलणं परवडलं.

तुमच्या दुसऱ्या टेबलानं यावरून असा अर्थ काढू नये की उमेदवाराच्या तब्येतीबद्दल विचारूच नये. विचारावं. १९१९ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि पत्नी व डॉक्टर यांनी त्याची खरी तीव्रता देशापासून लपवून ठेवली. अशी फसवणूक कुठल्याही जनतेची होऊ नये. पण प्रश्न 'याला कोणता आजार आहे' असा न विचारता 'याला काम झेपतंय का' असा विचारावा. २७ जून २०२४ च्या वादचर्चेत बायडेन यांचं बोलणं तुटत होतं, वाक्यं अर्धवट राहत होती. ते कोट्यवधी लोकांनी ९० मिनिटं सलग पाहिलं आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. त्यासाठी कुणी आजाराचं नाव सांगायची गरज पडली नाही. त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी म्हटलं की हे काम आता यांच्याकडून होणार नाही. तसं बोलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र ४० सेकंदांचा तुकडा न पाहता पूर्ण भाषण पाहा, शक्य तर दोन-तीन वर्षांपूर्वीचं त्याच माणसाचं भाषणही शोधून पाहा. तो मुळातच विसरभोळा, बडबड्या असेल तर आजच्या विसरण्याला फार अर्थ नाही. जो पूर्वी कागद न बघता तासभर मुद्देसूद बोलायचा, तो आज दोन वाक्यांत भरकटत असेल, तर काळजीचं कारण आहे, आणि ती काळजी आधी त्याच्या घरच्यांनी करायला हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ प्रमाणे मनोविकलतेमुळे खासदारकी किंवा आमदारकी तेव्हाच जाते, जेव्हा सक्षम न्यायालयानं तसं घोषित केलेलं असतं. टेबलावरच्या बहुमताला तिथं जागा नाही, आणि एकट्या डॉक्टरच्या चिठ्ठीलाही नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्ट म्हणतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. दूध संस्थेच्या सचिवांना मी हे कलम छापून दिलंय. शिवाय लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल जाणूनबुजून खोटं विधान प्रसिद्ध केलं, तर तो लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचार आहे. व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी हे डोक्यात असावं.

प्रामाणिकपणा मोजायचा तर त्याला माझी गरजच नाही. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढतं तेव्हा आपण काय करतो? "लई वाढलंय" यावर कोल्हापूरकराचं समाधान होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हाच प्रश्न. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावाला आकड्याची किंमत शिकवावी लागत नाही. तीच सवय उमेदवाराच्या शब्दाला लावा. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रावर द्यावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. मागच्या निवडणुकीचं आणि यंदाचं अशी दोन्ही शपथपत्रं छापून शेजारी ठेवा. पदवी बदललीय का, जमीन वाढलीय का, एखादी केस गायब झालीय का, ते बघा. खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग त्यानं मागच्या वेळी दिलेली पाच आश्वासनं वहीत लिहा आणि त्यांचं काय झालं ते स्वतः जाऊन बघा. वॉशिंग्टन पोस्टनं ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांतली खोटी किंवा दिशाभूल करणारी विधानं अशीच एकेक करून मोजली. ती ३०,५७३ भरली. पत्रकारांनी मोजली, त्यात मनोविकाराचा काही संबंध नव्हता.

आणि तरीही ट्रम्प २०२४ मध्ये परत निवडून आले. याचा विचार तुमच्या पहिल्या टेबलानं करावा. माणूस पुष्कळदा आपला उमेदवार खरं बोलतो म्हणून मत देत नाही, तो आपल्या बाजूनं उभा राहतो असं वाटतं म्हणून देतो. अशा वेळी उमेदवाराला तुम्ही वेडा म्हणालात की मत देणाऱ्याला ऐकू येतं, "मी वेडा." तो चिडतो, टेबल बदलतो आणि उमेदवाराला आणखी घट्ट धरतो. त्याऐवजी त्याला विचारून बघा, "तुला यानं नेमकं काय दिलं? काय देईल असं वाटतं?" माझ्या कामात मी रोज हेच करते. पुढ्यातला माणूस कितीही अशक्य बोलत असला तरी आधी त्याचं पूर्ण ऐकते. त्यात त्याची एखादी खरी तक्रार हमखास असते: उसाचं थकलेलं बिल, पोराला नसलेली नोकरी, पुरात गेलेलं घर.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्यातले एक जण चहा येईपर्यंत तोच प्रश्न तीन-तीनदा विचारतात, असं तुम्ही सहज लिहून गेलात. पत्राच्या मागच्या पानावर असंही आहे की गेल्या महिन्यात ते घरी जाताना गंगावेशीकडे वळले आणि रिक्षावाल्यानं त्यांना आणून सोडलं, आणि त्यावरून तुम्ही सगळे त्यांची चेष्टा करता. त्यांना काय झालंय किंवा झालंय का, हेही मला इथून सांगता येणार नाही. पण त्यांना माझ्यासमोर बसवता येईल. येत्या बुधवारी सकाळी त्यांना घेऊन या. सोबत त्यांच्या पत्नी किंवा मुलगा हवा. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, दाताच्या डॉक्टरनं दिलेल्यासुद्धा. सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट असतील तर तेही आणा. आणि बुधवारपर्यंत त्यांनी तो प्रश्न दहा वेळा विचारला तरी दहाही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्या.